सांधलेली पट्टी

शिवणवालीच्या पोराला सगळी गल्ली ढब्बू म्हणायची. दीड वर्षाचं पोर, मांडीला कातड्याच्या घड्या, मान काडीएवढी आणि नाव ढब्बू. ते काही थट्टेनं ठेवलेलं नव्हतं. गुबगुबीत म्हणत राहिलं की कधीतरी होईल, एवढीच आशा. आशेला चूल लागत नाही, म्हणून गरिबाघरी तीच जास्त शिजते.

महिन्याच्या मोजणीला शिवणवाली पोराला काखोटीला मारून केंद्रावर आली. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली. छताच्या नळीला टांगलेला वजनकाटा, भिंतीवर गुटगुटीत बाळांची चित्रं आणि त्यांच्या वर एक गोल घड्याळ. चित्रातल्यासारखं बाळ त्या खोलीत कधी आलं नव्हतं. घड्याळ मात्र खरं होतं, आणि ते पट्टीवालीचं बक्षीस होतं.

पट्टीवाली म्हणजे केंद्राची बाई. बारा वर्षं ती पोरांच्या दंडाला मापाची पट्टी गुंडाळत आली, म्हणून हे नाव. दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला की लाल. लाल म्हणजे इस्पितळात खाट, औषधी दूध आणि पोर वाचायची शक्यता. त्याच्या वर पिवळा. पिवळा म्हणजे नुसता सल्ला: हात धुवा, पोराला चारी ठाव खाऊ घाला. कुठून आणून घाला, ते सल्ल्यात नव्हतं.

गेल्या पाच महिन्यांत तिच्या केंद्रातली लाल पोरं एकोणीसवरून चारवर आली होती. मोठ्या बाई, म्हणजे तिच्या वरच्या अधिकारी, यांनी कचेरीत सभा भरवून तिच्या हातात घड्याळ ठेवलं, टाळ्या वाजवायला लावल्या. पट्टीवालीला वाटलं, हात धुवा म्हणून घसा फोडला त्याचं चीज झालं.

ढब्बूचा दंड भरला अकरा सात. पिवळा. तिनं कार्डावर सुबक अक्षरात आकडा लिहिला आणि पुढच्या महिन्यात आण म्हणून सांगितलं.

शिवणवाली जागची हलली नाही. ती शाळेचे गणवेश शिवायची. टेप तिच्या गळ्यातून उतरायची ती फक्त झोपताना. ती तिनं काढली, पोराच्या दंडाला गुंडाळली आणि आकडा पट्टीवालीच्या नाकासमोर धरला. अकरा तीन.

"काल सदऱ्याला बाही लावताना मोजला, तेव्हाही अकरा तीनच. ताई, आपल्या दोघींतल्या एकीची टेप खोटं बोलतेय. माझी बोलत असती, तर निम्मी शाळा तोकड्या चड्ड्या घालून फिरली असती."

रांगेतल्या बाया हसल्या. पट्टीवालीला झोंबलं. ही आरोग्यखात्याची पट्टी आहे, तुझ्या काजाबटणांची नाही, असं ती फणकारली. शिवणवालीनं ऐकून घेतलं आणि पट्टी मागून घेऊन उजेडात धरली. सहाच्या आकड्याजवळ तिचं बोट थांबलं. तिथं चिकटपट्टी होती.

पट्टीवालीनंच लावली होती. पाच महिन्यांपूर्वी पट्टी सहावर फाटली. नवी द्या म्हणून तिनं तीनदा अर्ज केले, उत्तर आलं नाही. मग तिनं फाटलेल्या दोन्ही कडा कात्रीनं सरळ कापल्या, टोकाला टोक लावलं आणि वरून चिकटवलं. सांधा इतका साफ आला होता की तिचं तिलाच कौतुक वाटलं होतं.

शिवणवालीनं दोन्ही टेपा बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या. सांध्यापर्यंत आकड्याला आकडा जुळत होता. सांध्यापुढे प्रत्येक आकडा चार मिलिमीटर अलीकडे सरकला होता.

"सांधलेल्या टेपनं माप घ्यायचं नाही, हे मी शिकायला येणाऱ्या पोरीला पहिल्या दिवशी सांगते," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही कापलंत तेवढं माप गेलं ना, ताई. तेवढंच प्रत्येक पोराच्या दंडाला फुकटचं चिकटलं."

पट्टीवालीनं घड्याळाकडे पाहिलं. पोरं हात धुऊन पिवळी झाली नव्हती. तिच्या कात्रीनं झाली होती.

तिनं मोजणी थांबवली आणि शिवणवालीला, पोराला, दोन्ही टेपांना घेऊन कचेरी गाठली.

मोठ्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. आवाज चढवणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच. उठून त्यांनी कपाट उघडलं. आत नव्या पट्ट्यांचा गठ्ठा होता, वरचा कागदही न फाडलेला. तपासणीला वरचे लोक येणार म्हणून राखून ठेवलेला, असं त्यांनी सहज सांगितलं, लोणी चोपडल्यासारखं. आपले तीन अर्ज याच कपाटाच्या कुठल्यातरी कप्प्यात असणार, हे पट्टीवालीला दिसल्यासारखं कळलं. तिच्या हातात एक नवी पट्टी पडली. ढब्बूची इस्पितळाची चिठ्ठी तिथल्या तिथं झाली. खाट मिळेल, फोन करते, असंही बाई म्हणाल्या. फक्त बाकीची पोरं एकदम लाल दाखवायची नाहीत. महिन्याला दोन-दोन. आकडा एका दिवसात उडी मारून गेला, तर वर काय तोंड दाखवायचं?

"आणि तोवर ती पोरं?" पट्टीवालीनं विचारलं.

"पाच महिने थांबलीच ना?"

शिवणवालीनं चिठ्ठी मुठीत घट्ट धरली. बाहेर आल्यावर ती पट्टीवालीच्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "मी आत बोलणार होते. पण हातात पोर आहे." आणि इस्पितळाच्या वाटेला लागली. तिला कोण काय बोलणार? तोंड उघडायला आधी हात मोकळे लागतात.

पट्टीवाली परत गल्लीत आली. थांबलीच ना, हे तिच्या डोक्यातून जाईना. कारण एक थांबली नव्हती.

दुपारभर ती नवी पट्टी घेऊन दारोदार फिरली. आणखी नऊ पोरं लाल निघाली. महिन्याला दोन म्हणजे शेवटच्याची पाळी पाचव्या महिन्यात. तिनं नऊच्या नऊ चिठ्ठ्या त्याच दिवशी लिहिल्या, आयांच्या हातात दिल्या आणि संध्याकाळच्या आत वॉर्डात जायला सांगितलं. कुणी अडवलं तर माझं नाव सांगा, म्हणाली. तिच्या नावाला त्या दारात काय किंमत होती, हे तिलाही माहीत होतं.

शेवटचं घर गवंड्याचं. तिथं जायचं काही कारण नव्हतं. मोजायला तिथं कुणी उरलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी मुलगी गेली. नोंदीत कारण ताप. जाण्याच्या अकरा दिवस आधी तिचा दंड पट्टीवालीनंच मोजला होता.

गवंड्याची बायको भांडी घासत होती. पट्टीवालीच्या हातातली पट्टी बघून म्हणाली, "आता आमच्याकडे कुणाला मोजता, ताई?"

पट्टीवालीनं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. फाटलेली पट्टी, कात्री, चार मिलिमीटर. मोठ्या बाईंच्या कपाटातला गठ्ठाही सांगितला, पण शेवटी. आधी आपली कात्री सांगितली. बाई रडेल, अंगावर येईल, असं तिला वाटलं होतं. तशी तयारी करूनच ती आली होती.

बाईनं हात धुतले. आत जाऊन पत्र्याच्या डब्यातून पोरीचं कार्ड आणलं आणि पुढं धरलं. शेवटच्या रकान्यात अकरा आठ होतं, पट्टीवालीच्या सुबक अक्षरात.

"खरा लिही."

बारा वर्षांत त्या गल्लीत तिला कुणी एकेरी बोललं नव्हतं. तिनं अकरा आठ खोडलं. अकरा चार लिहिलं. लाल. यासाठी पट्टी लागलीच नाही, साधी वजाबाकी होती.

बाईनं आकडा नीट बघितला, कार्ड ओढणीच्या टोकात बांधलं आणि पायात चपला सरकवल्या.

"चल."

"कुठं?"

"जिथं तुला घड्याळ दिलं, तिथं."