तावदानावरची फुलं

मी खिडकीचं तावदान बोलतोय. घाईत असाल तर पुढे चालू लागा. मला गोड गोड बोलता येत नाही.

दूर उत्तरेच्या गोठवणाऱ्या मुलखात, सुंगारी नदीच्या काठावर एका मातीच्या घरात मी आहे. भट्टीतून निघालो आणि घोडागाडीत, पेंढ्यात गुंडाळून इथे आलो. छांगलिनने मला चौकटीत बसवलं तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. काचेच्या कडांना लांबी भरताना त्याने खालच्या कोपऱ्यात आळस केला. बोटभर फट राहिली. त्याची बायको लानश्यांग म्हणाली, "राहू दे. चुलीलाही नाक लागतं."

नदीकाठच्या झाडांवर दंव गोठून सगळं पांढरं झालं, की थंडी आली समजायचं. शहरातली माणसं त्या झाडांचे फोटो काढायला येतात आणि लाल नाकं घेऊन परत जातात. माझ्याकडे कुत्रं बघत नाही. खरी फुलं यायची माझ्यावर, बर्फाची. त्या फटीपाशी एक काडी फुटायची, मग तिला पानं, मग मोराच्या पिसाऱ्यासारखं पसरत जायचं. सकाळचं ऊन त्यातून आत आलं, की कांग, म्हणजे चुलीच्या धुरावर तापणारा झोपायचा ओटा, गुलाबी व्हायचा.

लानश्यांगला त्या फुलांचं वेड. पुसू द्यायची नाही. फाटक कुरकुरलं की फक्त बोट टेकवायची, बोटाच्या उबेनं एक भोक पाडायची आणि डोळा लावायची. तो डोळा दिसला की छांगलिन अंगणातून ओरडायचा, "चोर आला गं, मुळे लपव!"

"तुझ्या तोंडाकडे बघून मुळेच पळतील!" ती आतून म्हणायची. म्हातारी झाली तरी हेच.

आमच्याकडे थंडीच्या तोंडावर खिडकीच्या फटींवर बाहेरून कागद चिकटवतात, मैद्याची खळ लावून. माझा तो कोपरा तेवढा दर वर्षी मोकळा राहायचा. मग एका वर्षी लानश्यांगला खोकला धरला. छांगलिन ब्रश घेऊन कोपऱ्याशी आला.

"तो सोड," ती आतून म्हणाली.

"फुलं बघून खोकला जातो का?"

"फुलांचं नाही रे. तू धुराड्याची झडप घाईनं लावतोस. फट असू दे."

"तू बोलत राहा, मी चिकटवतो."

खळीचा जाड थर दिला त्याने. माणूस वाईट नव्हता. तिला वारा लागू नये, एवढंच त्या टाळक्यात होतं.

पुढे शेजारच्या दुआनकडे डुक्कर कापायचा दिवस आला. सगळा गाव तिकडे जेवायला. ती खोकत घरी राहिली. निघताना छांगलिनने चुलीत कोळसा घातला आणि धुराड्याची झडप लावली, म्हणजे ऊब टिकते. झडप सगळेच लावतात, पण निखाऱ्यांची राख झाल्यावर. त्याला घाई होती. निखारे लाल होते.

कोळशाचं विष दिसत नाही. मला दिसली ती. डोकं धरून उठली, सरपटत माझ्यापाशी आली. फटीत नख घातलं. बाहेर खळ दगडासारखी गोठलेली. मग बोट माझ्यावर टेकवलं. अर्धं भोक पडलं आणि बोट खाली घसरलं. त्या भोकावर पुन्हा फुलं धरली, आधीपेक्षा दाट. थंडीत काचा तडकतात म्हणे. मी मेला नेमका त्या दिवशी धड राहिलो.

दुपारी फाटक कुरकुरलं. छांगलिनच्या हातात तिच्यासाठी वाडगा होता, मांस आणि आंबट कोबीचा. सोबत दुआन.

"वा, दादा! वहिनींची फुलं बघा. असली तर कधी आली नव्हती!"

"फट बुजवली ना, म्हणून. माझं ऐकते कुठे ती! थांब, आता भोक पडेल."

भोक पडलं नाही.

"रुसल्या. सोडून खायला गेलात ना," दुआन हसला.

"ए म्हातारे! चोर आला!"

वाडग्याची वाफ निघून गेली तरी दोघं अंगणात उभे होते. माझ्याकडे बघत होते. कौतुकाने.

नंतर त्याने कोपऱ्यावरचा कागद नखांनी खरवडला, रक्त येईपर्यंत. त्या घरात एकटाच राहिला. झडप पुन्हा कधी लावली नाही. त्याच्या एकट्याच्या श्वासावर फुलं यायची, विरळ, खुरटी. गेल्या वर्षी त्याचा शहरात राहणारा मुलगा येऊन त्याला घेऊन गेला. जाताना म्हातारा फाटकाशी वळला, ओरडायला तोंड उघडलं आणि ते तसंच मिटून गेला.

कोणाच्या घरात चूल असेल तर सांगतो, फटी बुजवा, पण एक बोट सोडा. आणि घरातलं माणूस म्हणतंय ते ऐका.

नदीवरची झाडं यंदाही पांढरी झालीत. माझ्यावर काही नाही. ती फुलं थंडीची नव्हतीच, आतल्या माणसांच्या श्वासाची होती. आता मी पाण्यासारखा स्वच्छ आहे. भोक पाडायची गरज नाही, फाटकापर्यंत सगळं दिसतं. बघणारं कोणी नाही.