हात न बघता लावलेली जोड

गणपतराव मगदुमांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे सांगायला ते लाजतही नव्हते. "चेंडू वरनं टोपलीत घालायचा आन खालच्या भोकातनं पडू द्यायचा. मग घातला कशाला?" असं त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं. तरीही कोल्हापूरच्या महिला बास्केटबॉल लीगचे पंचप्रमुख तेच. सहा संघ, पगारी खेळाडू, मालक सगळे कारखान्याचे नाहीतर दूध संघाचे, आणि त्या सगळ्यांच्या वर हा एकाहत्तर वर्षांचा फेटेवाला.

त्याला कारण होतं. गणपतरावांनी चाळीस वर्षं गावोगावच्या जत्रेत कुस्त्यांच्या जोडी लावल्या होत्या. दोन पोरं समोर आली की ते दोघांचं मनगट धरायचे, मान दाबून बघायचे, गुडघ्यावर थाप मारायचे, आणि मगच दोघांचे हात एकदम वर करायचे. "वजनकाटा खोटं बोलंल, मनगाट न्हाय," हे त्यांच्या वस्तादाचं वाक्य. वस्तादाचं दुसरंही एक होतं, ते गणपतराव फारसं बोलून दाखवत नसत. हात बघितल्याबिगर जोड लावलीस, तर त्या दिवशी फेटा खुंटीला टांगायचा. चाळीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती. आणि नुरा, म्हणजे आधी ठरवून केलेली लुटुपुटूची कुस्ती, ती गणपतरावांच्या मैदानात झाली असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

लीगच्या पहिल्या वर्षी शिरोली पोलाद हा एकच संघ सगळे सामने जिंकला. दहाच्या दहा. शिरोली एमआयडीसीतले फौंड्रीवाले विजयसिंह त्याचे मालक, त्यांनी चांगल्या पोरी आधीच उचलल्या होत्या. पाचव्या सामन्यापासून स्टेडियममध्ये कावळेसुद्धा फिरकेनात. हत्ती आणि शेळीची झुंज बघायला कोण येणार? तेव्हा मालकमंडळी गणपतरावांच्या, म्हणजे सगळ्यांच्या आबांच्या, दारात आली. आबांनी चहा पाजला आणि एका वाक्यात नियम सांगितला. "दरवर्षी नव्या पोरी येतील, त्यातली पयली निवड शेवटच्या नंबराच्या संघाची. पंगतीत ज्याचं पान रिकामं, त्याला आदी वाढा."

झालं! दुसऱ्या वर्षी सामने दोन-दोन, तीन-तीन गुणांनी सुटायला लागले. लोक जिन्यात बसून बघायला लागले. आबांची छाती अशी काही फुगली की बंडीची बटणं तुटायची तेवढी राहिली. आपली जोड लावायची विद्या त्या टोपलीच्या खेळातही चालली याचा त्यांना कुस्तीतल्या कुठल्याही मानापेक्षा जास्त आनंद झाला होता. हे ते बायकोला सोडून कुणाला बोलले नाहीत, पण आनंद झाला होता हे खरं.

आणि मग तिसऱ्या वर्षी कोडोलीची प्रियदर्शनी आली. एकोणीस वर्षांची, सहा फूट दोन इंच. घरी सोळा म्हशी, त्यांचं दूध पिऊन वाढलेलं हाड. हात वर केला की टोपलीची जाळी बोटाला लागायची. पुढच्या हंगामाच्या निवडीत तिचं नाव होतं. ही ज्याला मिळेल त्याचं पुढच्या पाच वर्षांचं भलं, हे शेंबडं पोरही सांगत होतं.

त्याच वर्षी शिरोली पोलाद एकदम ढेपाळला. कर्णधार संयोगिता गुडघ्याला पट्टी बांधून बाकावर बसायची, ती हंगामभर बसूनच राहिली. आबा तिला विचारायचे, "कसा हाय गुडगा?" ती म्हणायची, "दुखतंय की आबा." आबांना वाईट वाटायचं.

शेवटच्या सामन्याला शिरोलीच्या नावावर दोन जिती होत्या आणि गडमुडशिंगी संघाच्या एक. ती एकही शिरोलीवरच मिळवलेली. आता मुडशिंगी हरली, तर शेवटचा नंबर आणि पहिली निवड तिची. पण मुडशिंगीनं पुन्हा शिरोलीला हरवलं, तर दोघींच्या जिती सारख्या, आपसातले सामने मुडशिंगीचे, म्हणजे शिरोली तळाला आणि प्रियदर्शनी शिरोलीला. त्या रविवारी हरण्यात फायदा होता. दोघींचाही.

हे आबांना सोडून अख्ख्या गावाला माहीत होतं.

सामना सुरू झाला. शिरोलीची एक पोर टोपलीखाली एकटी उभी, अंगावर कुणी नाही, आणि तिनं चेंडू मागं फेकला. दुसरीनं मोकळा फटका मारला तो टोपलीच्या फळीवरनं थेट छताच्या पत्र्याकडं. इकडं मुडशिंगीच्या पोरी धावायच्या, अडखळायच्या, चेंडू हातातनं निसटायचा. मध्यंतराला फळ्यावर चौदा-तेरा. एवढ्या वेळात एरवी चाळीस तरी होतात.

लोकांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली. आधी चेष्टा होती, मग ती चेष्टा राहिली नाही. "नुरा! नुरा हाय ही!" वरच्या पायरीवरनं कुणीतरी ओरडलं, "ओ आबा, तुमच्या मैदानात नुरा व्हय?"

आबांच्या कानशिलात कुणी लगावावी तसं झालं. चाळीस वर्षं! चाळीस वर्षं जे नाव जपलं ते एका टोपलीच्या खेळापायी असं पायदळी जावं? ते खुर्चीवरनं उठले, सरळ माईकपाशी गेले आणि बोलले.

"ऐका समद्यांनी. दोन्ही संघ हरायला बसल्यात, मला डोळं हायत. आता नियम बदलला. ह्यो सामना जी जितंल, तिला पयली निवड. पोरगी जितणाऱ्याची!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पत्रे वाजले. विजयसिंह ताडकन उभे राहिले, हात जोडून म्हणाले, "आबा म्हणतील ते मान्य!" फार लवकर म्हणाले. तेवढं तरी आबांच्या ध्यानात यायला हवं होतं.

मुडशिंगीची प्रशिक्षक अनुजाही उठली होती. शाळेत पीटी शिकवणारी, बोलायला मऊ बाई. "आबा, जरा थांबा, माझं ऐका तरी..." पण त्या गोंगाटात तिचं कोण ऐकतो? आबांनी तिला हातानंच 'बस खाली' म्हणून सांगितलं.

दुसरा डाव सुरू व्हायच्या आधी संयोगितानं गुडघ्याची पट्टी सोडली. नीट गुंडाळली, पिशवीत ठेवली, पिशवीची चेन लावली, आणि हरणासारखी पळत मैदानात गेली.

पहिली पाच मिनिटं लोक नाचत होते. खरा खेळ, खरा खेळ! दहा मिनिटांनी नाच थांबला. वीस-चौदा, बत्तीस-सोळा. मुडशिंगीच्या पोरींना धाप लागलेली दिसत होती, त्यांच्यातली बुटकी पोरगी संयोगिताच्या अंगावर आपटून दोनदा पडली, दोन्ही वेळा उठली. कुणीच काही सोडत नव्हतं. पण चेंडू मघासारखाच हातातनं निसटत होता, अगदी मघासारखाच. तिसऱ्या वेळेला तो निसटला तेव्हा आबा खुर्चीच्या कडेला सरकून त्या पोरींचे हात बघायला लागले.

अठ्ठावन्न-एकवीसवर शिट्टी वाजली तेव्हा अर्धं स्टेडियम घरी गेलं होतं. पुढच्या रांगेत बसलेल्या प्रियदर्शनीच्या डोक्यावर विजयसिंहांनी स्वतःच्या हातानं शिरोली पोलादची टोपी घातली. मग येऊन आबांच्या पाया पडले. "काय डोकं चालिवलंसा आबा! आमी तर नियमच पाळला की." आबांनी आशीर्वादाला हात उचलला नाही.

स्टेडियम रिकामं होईपर्यंत आबा तिथंच बसून होते. अनुजा चेंडू गोळा करत होती, आठ चेंडू, जाळीच्या पिशवीत एकेक. शेवटी ती त्यांच्यापाशी आली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज चढला नाही.

"आबा, त्या खेळत हुत्या नुरा. आमी न्हाय."

"पण आदी..."

"आदी बी तसंच आन मागनं बी तसंच. आमाला तेवढंच येतंय. कालच पोरींना म्हटलं हुतं, निवड गेली खड्ड्यात, शेवटचा सामना तरी जितून घरी जाऊ." ती थांबली. "ह्या निवडीवर वरीसभर आस धरून बसलेलो आमी. पोरगी मिळाली असती तर संघ राहिला असता. मालक आता बंद करायचं म्हंत्यात."

लबाडी ओळखली म्हणून ते माईकवर गेले होते, आणि दुबळेपणाला लबाडी समजून बसले होते. शेळीचा आणि हत्तीचा हात दोन हजार लोकांसमोर एकदम वर केला होता, आणि त्यांनीच.

"आता फिरवता येईल का हो?" अनुजानं विचारलं. विचारतानाच तिला उत्तर माहीत होतं.

"माईकवर बोललोय पोरी. येकदा मोडला तेवढा बास. परत मोडला तर नियम म्हणून काय ऱ्हाईल?"

तिनं मान हलवली. जायला वळली तसं आबांनी तिला हाक मारली. ती बुटकी पोरगी दारात अनुजाची वाट बघत थांबली होती, तिला त्यांनी हातानं जवळ बोलावलं.

"हात बघू तुजा."

पोरीनं घाबरत हात पुढं केला. आबांनी तिचं मनगट दोन बोटांत धरलं. बोटं एकमेकांना भेटून वर आणखी पेरभर उरली. कोपर सोलवटलेलं, तळव्याला घट्टे, श्वास अजून जागेवर आलेला नव्हता. एवढ्यात सगळं कळत होतं. मध्यंतराला दहा पावलं चालून गेले असते तर तेव्हाही कळलं असतं.

"जेवलीस काय सकाळी?" त्यांनी विचारलं.

"चहा-बटर खाल्लंय की."

आबांनी तिचा हात सोडला. मग सावकाश फेटा उतरवला, त्याची घडी केली आणि माईकच्या टेबलावर ठेवली. अनुजा म्हणाली, "आबा, उकडतंय काय? पंखा लावू?"

"नको," आबा म्हणाले, आणि उघड्या डोक्यानं घरी गेले.