एकशे चौदा वेळा जाऊ

“ऐकलंस? सकाळी सकाळी जाऊ खिडकी उघडते ती मुद्दाम कडी आपटून.” थोरलीनं दातांनी दोरा तोडला. “आपल्याला कळायला नको का, तिच्याकडे उजेड आलाय म्हणून!”

सून गणवेशांच्या ढिगातून पुढचा सदरा ओढत होती. सातवा महिना लागला होता. वाकलं की धाप लागे.

“कडी गंजली असेल, आई.”

“घे, तू तिचीच बाजू घे.”

दोन भावांच्या या दोन विधवा. शहराच्या वेशी बंद झाल्या त्या वर्षी घरं मापून वाटली गेली, आणि यांच्या एकुलत्या खोलीत मधोमध फळ्यांची भिंत उभी राहिली. चिठ्ठ्या टाकल्या. खिडकी धाकटीला गेली, थोरलीला दार. दारातून उजेड येत नव्हता. माणसं येत, तीही धाकटीकडे जायला.

दोघी घरबसल्या गणवेशांना काजं करत. धाकटीचे सदरे पहिल्या फटक्यात पास होत, थोरलीचे आठवड्यातून दोनदा परत येत. “खिडकीपाशी बसून काय, आंधळासुद्धा काजं करील,” असं ती सुनेला दिवसातून चारदा ऐकवी. पण तिच्या जिवाला खरी आग लागे ती दुसऱ्याच गोष्टीनं. परत आलेले सदरे धाकटी गुपचूप उचलून नेई, काजं उसवून नीट घाली आणि घडी करून पुन्हा जागच्या जागी ठेवी. बोलून दाखवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

फळ्यांच्या वर, छताला लागून, दोन्हीकडच्यांना मिळून एक कान बसवलेला होता. मुठीएवढा पत्र्याचा डबा. सगळ्यांचं सगळं बोलणं ऐकायला सरकारला वेळ नव्हता. शहर सोडून पळायच्या भाषेतले शब्द तेवढे तो टिपून घेई, त्यांच्या आधीचे दोनतीन शब्द धरून. थोरलीला त्याचं भय नव्हतं. ती घरातलंच बोले.

दुपारी नोंदणीवाला आला. पोरगेलासा, दाढी घोटून केलेला. थोरलीच्या खोलीतून सरळ चालत जाऊन तो फळ्यांच्या भिंतीतल्या दारात उभा राहिला, म्हणजे दोन्ही बाजू त्याला दिसत होत्या. हातात कागदाची लांब पट्टी होती.

“या कानात महिन्याभरात एकशे चौदा वेळा ‘जाऊ’ आलंय,” तो म्हणाला. “बाईचा आवाज. वाचतो. ‘सकाळी सकाळी जाऊ.’ ‘आता बघ, जाऊ.’ ‘कुणाला न सांगता जाऊ.’ शिवाय ‘जावे’ चाळीस वेळा. कुठं जायचा बेत आहे?”

सुनेच्या हातातली सुई थांबली.

थोरलीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रत्येक वाक्याचं तुटलेलं शेपूट तिला पाठ होतं. कुणाला न सांगता जाऊ सदरे उचलते. आता बघ, जाऊ कशी साळसूद होऊन येईल. आणि ते ‘जावे’ म्हणजे जावेला, जावेनं, जावेचं. हा पोरगा सरकारी वसतिगृहात वाढलेला असणार. दीर-जाऊ-नणंद हे शब्द त्याच्या कानावरून कधी गेलेच नसणार. एवढं एक वाक्य पुरे होतं: अरे बाबा, जाऊ म्हणजे ही, माझ्या दिराची बायको. तो पट्टी गुंडाळून निघून गेला असता.

पण मग धाकटीच्या तोंडावर कबूल करायचं होतं, की गेले तीस दिवस आपल्या तोंडात तिच्याशिवाय दुसरं काही नव्हतं. एकशे चौदा वेळा.

आणि नेलेल्या माणसाची खोली जवळच्या नातलगाला मिळते, हेही तिला ठाऊक होतं. नेलेलं माणूस परत आल्याचं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. फळ्यांच्या दारातून खिडकी पुरी दिसत होती. तिथं आपला पाट कसा मांडता येईल, डावीकडून उजेड घ्यायचा की समोरून, इथवर ती पोचलीसुद्धा.

धाकटीनं आधी सुनेच्या पोटाकडे पाहिलं, मग थोरलीकडे. थोरलीचा मुलगा पाच महिन्यांपासून कामाच्या छावणीत होता. धाकटीच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी जुळत गेलं, चुकीचंच: या दोघी त्याच्याकडे पळायच्या बेतात आहेत.

“मीच म्हणाले,” ती म्हणाली.

नोंदणीवाल्यानं पट्टीवरून नजर उचलली. “आवाज जाडा आहे.”

“सर्दी होती.”

“महिनाभर?”

“जुनी सर्दी आहे.”

“बरोबर कोण होतं?”

“कोण असणार? एकटी बाई मी. भिंतीशी बोलते. यांना काही माहीत नाही.”

त्यानं पेन्सिल काढली. धाकटीनं कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या, जणू कोपऱ्यावरून दोरा आणायला निघाली होती. फळ्यांच्या दारापाशी ती थबकली.

“ताई, तुमचे राहिलेले सदरे माझ्या ढिगात मिसळून द्या. म्हणजे पास होतील.”

सुनेनं थोरलीची बाही ओढली. “आई, बोला ना! सांगा ना त्यांना!”

थोरली उठली. मांडीवरचे सदरे खाली घसरले, त्यांच्यावर पाय देऊनच ती पुढे झाली. नोंदणीवाल्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. धाकटीचं मनगट धरून तिनं तिला मागं खेचलं, आणि कानाला नीट ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हणाली,

“तो आवाज माझा आहे. ते एकशे चौदाही माझे आणि चाळीसही माझे. खिडकी घेतलीस, सून आपलीशी केलीस, माझी काजंसुद्धा उसवलीस. आता माझ्या तोंडचा शब्दही तुलाच हवा? हावरट आहेस तू. पहिल्यापासून हावरट!”