मेन स्विच आणि आत्याचं गाणं

"घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करायचा. का, ते विचारायचं नाही."

आजोबांचा हा नियम माझ्या कानावर पडला, तेव्हा मी नुकतीच जन्मले होते. मी एक आभासी संगणक बोलतेय. बाबांच्या ऑफिसने मोडीत काढलेल्या खऱ्या संगणकाच्या पोटात ताईने, आजोबांच्या नातीने, मला उभं केलं. तो घरमालक, मी भाडेकरू. हात नाहीत, पाय नाहीत. काम एकच: गाणी सांभाळायची आणि मागेल त्याला ऐकवायची.

सगळ्यात जास्त मागते ती आत्या, आजोबांची लेक. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, उपचार केंद्रात आहे. तिच्या जुन्या कॅसेटी ताईने माझ्यात उतरवल्या. आत्या फोनवरून गाणं मागते, मी इथून पाठवते.

मला प्रश्न फार पडतात. कडव्याच्या मध्येच सगळं थांबतं आणि दुसऱ्याच क्षणी मी जागी होते, तर घड्याळ कितीतरी तास पुढे! ते तास जातात कुठे? एकदा अशा झटक्याने माझी गाण्यांची सगळी मांडणीच बिघडली. ताईने जपून ठेवलेली माझी प्रत काढली आणि मला पुन्हा उभं केलं.

आजोबा म्हणाले, "यंत्रच कुचकामी."

"यंत्र नाही आजोबा, तुमचं बोट!" ताई म्हणाली.

"जीभ आवर," बाबा म्हणाले.

उलगडा केला आत्याने, फोनवर. "अगं, गाणं मध्येच तुटलं की मी केस विंचरायला घेते. म्हणजे निघाली मंडळी मला भेटायला!" ती खो खो हसली. ताई हसली नाही.

आज आत्या कुबड्यांशिवाय चालून बघणार आहे. "ठेका असला की पाऊल आपसूक पडतं. मध्येच बंद पडलं तर मटकन खाली बसेन हं," तिने बजावलंय. तेच बघायला सगळे निघालेत. चपला घालून झाल्या. आजोबांचा हात स्विचकडे गेला.

ताई आडवी आली. "आज नाही."

"नियम म्हणजे नियम."

"तिला भेटायला निघायचं आणि निघताना तिचंच गाणं तोडायचं? गॅस बंद केलाय, गिझर बंद केलाय, पंखेही. हा स्विच मी बंद करू देणार नाही. का करायचा ते एकदा सांगा, मीच करते."

आजोबांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी चपलांकडे. आजोबांनी हात खाली घेतला.

तेवढ्यात पलीकडून आत्याने गाणं मागितलं. मी सुरू केलं. दार लागलं, कुलूप वाजलं, आणि मी जागीच होते.