सिंधूताईंच्या उशाशी

मी एक जुनी सायकलची घंटी आहे. सायकल कधीच भंगारात गेली, मी तेवढी राहिले. जन्म कुठल्याशा कारखान्यातला, पण शहाणपण आले ते नागपूरच्या रस्त्यांवर. धम्मानंदकाका माझ्या सायकलवरून रोज प्रताप नगरहून सदर भागातल्या एका दुकानात कामाला जायचे. मी खणखणले की रस्त्यातल्या म्हशीही बाजूला होत, असा माझा तोरा.

मग काचबिंदूने काकांची नजर गेली. सायकल सुटली. त्यांच्या बायकोने, सिंधूताईंनी, मला काढून काकांच्या खुर्चीच्या हाताला बसवले. "काही लागलं तर वाजवा. मी घरातच राहीन," त्या म्हणाल्या.

शब्द त्यांनी पाळला, आणि तिथेच घोळ झाला. पाणी हवे, ट्रिंग. रेडिओ खरखरला, ट्रिंग. सिंधूताईंच्या पायाला भिंगरी लागली. हात पोळेल म्हणून काकांना त्या चहाचे भांडेही धरू देत नसत. रविवारी बुद्धविहारातल्या बायकांच्या गाण्यात त्यांचा आवाज सगळ्यांच्या पुढे असायचा, तेही सुटले. स्वतःची रक्तदाबाची गोळी राहून जाई. शेजारीपाजारी म्हणत, "सिंधूताई डोळ्यांत तेल घालून जपतात." त्या जेवल्या का, हे मात्र कोणी विचारले नाही.

एका दुपारी काकांनी मला वाजवले. सिंधूताई लगबगीने निघाल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच भोवळ येऊन खाली बसल्या. चेहरा पांढराफटक पडला. मित्रांनो, मला सारे दिसत होते, पण घंटीला स्वतःहून वाजता येत नाही. माझा फार जीव तुटला.

"येऊन राहिली, येऊन राहिली," काकांना कळू नये म्हणून त्या हसऱ्या आवाजात म्हणाल्या.

काकांचा अंगठा माझ्यावरच थांबला. "सिंधू, तुया आवाज खालून काहून येऊन राहिला वं?"

काका उठले. भिंत चाचपत, स्टुलाला ठेचकाळत दारापर्यंत गेले आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.

"कधीपासून होऊन राहिलं असं?"

"बहुत दिवस झाले. तुमाले काय सांगू? तुमाले दिसत नाही."

"दिसत नाही, पण ऐकू तर येते ना मले," काका म्हणाले आणि त्यांना रडू आले.

डॉक्टरांनी सिंधूताईंना बजावले की दुखणे अंगावर काढू नका, गोळी चुकवू नका आणि जरा घराबाहेरही पडा. घरी आल्यावर काकांनी बोटांनी माझा स्क्रू शोधला, मला खुर्चीवरून सोडवले आणि सिंधूताईंच्या पलंगाला, उशाशी बसवले. "आता तू वाजवजो."

त्या लाजल्या. कित्येक दिवस मी मुकीच होते. रविवारी त्या विहारात जाऊ लागल्या, आणि तेवढा वेळ काका आपला रेडिओ आपणच लावू लागले. काल मात्र त्या गाऊन, दमून घरी आल्या, पलंगावर टेकल्या आणि त्यांनी मला हळूच एकदा वाजवले.

काका चहा घेऊन आले. अर्धा बशीत सांडला होता आणि साखर टाकायची राहिली होती. सिंधूताईंनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

मित्रांनो, तुमच्याही घरी दुसऱ्याच्या हाकेला धावणारे कोणी असेल. त्यांना नुसती शाबासकी देऊन मोकळे होऊ नका. एक घंटी त्यांच्याही उशाशी ठेवा, आणि ती वाजली की उठा.