मारबतीच्या दिवशी

बायको दवाखान्यात अन् हा माणूस शहरभर हिंडतो, हे काही तुळसाबाईंना पटत नव्हतं. नुसतं पटत नव्हतं असंही नाही. अंगणात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं ते ऐकवून झालं होतं. गोपाळराव दारव्ह्याकडचे. जयवंताबाईंना धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती केलेलं, आणि हे मागच्या गल्लीत तुळसाबाईंच्या खोलीत भाड्यानं. सकाळी आंघोळ केली, भांग पाडला, इस्त्रीचा सदरा घातला, की निघाले.

खरं तर वाट तुळसाबाईंनीच दाखवली होती. पेशंटसोबत आलेल्या माणसाला त्या पहिल्याच दिवशी नागपूर सांगून टाकत. तर्री पोहे खायचे तर सकाळीच, मग तर्रीत नुसतं पाणी उरतं. झिरो माइलला दगडाचे घोडे आहेत, पाहण्यासारखं काही नाही, पण गावाकडे सांगायला बरं. दीक्षाभूमीवर जावं आणि घटकाभर गप बसावं. संध्याकाळी सक्करदऱ्याचा तलाव. सावजीचं तिखटजाळ जेवण पोट मजबूत असेल तरच, नाहीतर तुम्हालाही इथंच भरती करावं लागेल. शाळा दुसरीपर्यंतची, पण शहराबद्दल त्यांना कोणी शिकवायला जाऊ नये.

बाकीचे मान डोलवत आणि दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसत. गोपाळराव मात्र खरोखरच जात, आणि परत येऊन विचारत, आता कुठं जाऊ, मावशी?

एकदा ते असेच गेलेले असताना तुळसाबाई स्वतः डबा घेऊन दवाखान्यात गेल्या. नवऱ्याचे गुण बायकोच्या कानावर घालावे, असं मनात होतं. जयवंताबाई उशीला टेकून बसल्या होत्या. हातात बांगडी ठरत नव्हती. सगळं ऐकून त्या हसल्या.

"मीच पाठवतो त्यायले, मावशी. लगन झालं तवापासून नागपूर दाखवतो म्हणत होते. आता मले चालवत नाही, तं म्हटलं तुमी पाहून या अन् मले सांगा. काल तुमचे तर्री पोहे मी इथं पडल्या पडल्या खाल्ले."

त्या दिवसापासून अंगणातली तक्रार बंद झाली. का बंद झाली, ते तुळसाबाईंनी कोणाला सांगितलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच गोपाळरावांना इतवारीत धाडलं. मारबत तुमच्या गावातही निघत असेल, पण इथली पाहा, म्हणाल्या. घराएवढ्या बांबू-कागदाच्या बाया, एक काळी, एक पिवळी. घरात जी पीडा असेल तिचं नाव लोक ओरडून सांगतात, आणि मारबत ती घेऊन जाते, गावाबाहेर जळते. तुम्हीही बायकोचं दुखणं तिच्यावर घालून या.

दुपारी दवाखान्याचा फोन तुळसाबाईंना आला. गोपाळराव उचलत नव्हते. ढोलताशात ऐकू येणार तरी काय? त्या पोचल्या तेव्हा जयवंताबाईंच्या तोंडावर चादर ओढलेली होती. गोपाळराव आले ते कपाळाला गुलाल, आवाज बसलेला. तुळसाबाईंनीच त्यांना सांगितलं.

जयवंताबाईंना गावाकडे न्यायची गाडी यायला वेळ होता. गोपाळराव बाहेरच्या बाकावर बसले. रडले नाहीत. बोलायला लागले, ते तुळसाबाईंकडे न पाहताच. मारबत समोर आली. लोक ओरडत होते, कोणी खोकला म्हणे, कोणी डेंगू, कोणी महागाई. त्यांनाही दुखण्याचं नाव घ्यायचं होतं. पण डॉक्टरांनी सांगितलेलं ते इंग्रजी नाव तोंडात येईना. जयवंताचं दुखणं म्हणावं, म्हणून जोरात 'जयवंता' म्हणाले, आणि पुढचा शब्द निघायच्या आत सगळी गर्दी ओरडली, घेऊन जा गे मारबत.

"मीच देल्ली तिले, मावशी. माह्या तोंडानं देल्ली."

इतवारीत कोणी धाडलं, ते तुळसाबाईंना आठवत होतं. त्यांनी पदरानं गोपाळरावांच्या कपाळावरचा गुलाल पुसला, जरा जोरातच, आणि नेहमीच्या कडक आवाजात म्हणाल्या,

"लई मोठे समजून राहिले काय स्वतःले, गोपाळराव? अख्खी इतवारी बोंबलून राहिली होती, त्यात तिनं तुमचाच आवाज ऐकला? कागदाची बाई ते, तिले काय समजते? जयवंताले तिच्या दुखण्यानं नेलं. तुमी कोणाले काही देल्लं नाही. आता उठा, अन् गाडी येईस्तोर तिच्याजवळ बसा. तिले आजचं सांगाचं राहिलं तुमचं."