सारनाथ नगरातल्या सरजाबाई

"ताई, माझा पत्ता लिहून घ्या. कधी यायची पाळी आली तर सारनाथ नगर म्हनायचं. झोपडपट्टी कुठंय म्हनून इच्यारलंत, तर माझी शेजारीनबी वळख देनार न्हाई."

"मावशी, लातुरात राहून तुमचं घर सापडणार नाही होय मला?" मी हसले. लिहून काही घेतलं नाही.

सरजाबाई माझ्या तीन महिन्यांच्या लेकीला न्हाऊ घालायला यायच्या. नवरा बदलीवर नांदेडला; तिथं घर मिळालं की आम्ही जाणार होतो. तोवर वरच्या मजल्यावर आम्ही दोघीच. लेक शिंकली तरी मी तिचा श्वास मोजत बसायची.

"बीए झालात का डाक्टरकी? लेकराला शिंकूबी देईनात!" त्या म्हणायच्या. दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच माणूस.

एका सोमवारी त्या जिन्यातच बसल्या. पाय सुजलेले. घरी एकट्याच असायच्या, म्हणून दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणाल्या, "आधी लेकीचं पानी निवंल."

मंगळवारी आल्या नाहीत. फोन बंद. औसा रोडच्या पाण्याच्या टाकीमागं राहतात, एवढं त्यांच्या बोलण्यातून ठाऊक होतं; शुक्रवारी मी लेकीला घेऊन तिकडं गेले. नळावर दोन बायका घागरी भरत होत्या.

"या झोपडपट्टीत सरजाबाई कुठं राहतात?"

"न्हाई हो तसलं कुनी."

"बाळांना न्हाऊ घालतात बघा..."

"झोपडपट्टी फुडं असंल. इथं आमची घरं हायत."

नगराचं नाव काही केल्या आठवेना. लेक रडायला लागली. मी परतले.

संध्याकाळी आमच्या गल्लीतले किराणावाले रामलिंगकाका म्हणाले, "झोपडपट्टी म्हनून म्युन्सिपाल्टीचे मोजनीवालेच इच्यारतेत, ताई. मग भिंतीवर आकडे पडतेत, घरं जातेत. कोन सांगंल? सारनाथ नगर म्हनायचं व्हतं."

नांदेडला घर मिळालं होतं; दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच सामानाचा टेम्पो दारात उभा. काका म्हणाले, "मी बघून येतो." दोन महिने झाले. नांदेडहून फोन केला की अजूनही तेच म्हणतात.

तुम्ही लातुरात असाल, तर एकदा जाऊन या. सारनाथ नगर, सरजाबाई. दार वाजवल्यावर आवाज आला नाही, तर लगेच माघारी फिरू नका. त्यांना उठायला वेळ लागतो.